दुसरा खिळा

होळीची राख अजून कोपऱ्यावर तशीच होती आणि गेल्या रविवारी सुधीरने मागच्या अंगणातल्या कूलरवरची ताडपत्री ओढून काढली. आमच्या यवतमाळात या कामाला मुहूर्त लागत नाही. सकाळच्या उन्हाने मानेवर पहिला चटका दिला, की येणाऱ्या रविवारी घराघरांतले कूलर बाहेर निघतात. जाळ्यांतलं गेल्या वर्षीचं काळं पडलेलं गवत उपसायचं, टाकीचा गंज खरवडायचा, नवं गवत भरायचं, पंप लावून पाहायचा. मग पहिल्यांदा बटण दाबलं की ओल्या गवताचा वास घरभर पसरतो. लोकांना तो वास फार आवडतो. मलाही आवडायचा. आता तो आला की मी काहीतरी काम काढून गच्चीवर निघून जाते.

त्या दिवशी मात्र जाता आलं नाही. सुधीर माझ्याकडे पाठ करून, हातात पेचकस घेऊन बसला होता. तसाच म्हणाला, "ऋचाच्या फ्लॅटचं कर्ज आपण लवकर उडवून टाकू. वीस वर्षं कायले व्याज भरत बसायचं? मी थोडे हातपाय हलवले ना, तर पाच-सहा वर्षांत मोकळं."

सुधीर माझा नवरा. तोंडावर मी त्याला 'अहो' म्हणते, लिहिताना सुधीर. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर तेवढी चैन मला परवडते. ऋचा आमची एकुलती एक. पुण्यात नोकरी करते, तिथेच तिने फ्लॅट घेतलाय, आणि कर्जाच्या कागदांवर तिच्या सहीखाली बापाचीही सही आहे. त्यात वावगं काहीच नाही. आईबाप सही करतातच. पण 'हातपाय हलवले' हे शब्द, ती वाकलेली पाठ, तो पेचकस आणि तो वास, हे सगळं मी सात उन्हाळ्यांपूर्वी याच अंगणात, याच कूलरपाशी एकदा पाहिलेलं, ऐकलेलं आहे. त्या वेळी मी 'बघा बाई, तब्येत सांभाळून' असं काहीसं बोलले होते आणि चहा टाकायला आत गेले होते. या रविवारी माझे पाय जागचे हलले नाहीत.

आमचं घर शहराच्या टोकाला, लोहाऱ्याच्या बाजूला. आम्ही राहायला आलो तेव्हा या लेआउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडलेल्या वस्तीत, घरं कमी आणि मोकळे प्लॉट जास्त होते. सुधीर लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याचे हिशोब पाहायचा, मी शाळेत शिकवायची. दोघांचे पगार दाखवून कर्ज मिळालं, घर उभं राहिलं. पहिल्या संध्याकाळी मी उत्साहाने घड्याळ काढलं आणि विचारलं, कुठे लावायचं? सुधीर म्हणाला, "कुठंच नाही. शेवटचा हप्ता जात नाही तोपर्यंत घर बँकेचं. बँकेच्या भिंतीत आपण खिळा ठोकायचा नाही."

मला वाटलं गंमत करतोय. पण आठवडा गेला, महिना गेला, घड्याळ फ्रिजवरच राहिलं. आरसा खिडकीला टेकून उभा. कॅलेंडर टेबलावर आडवं, त्यामुळे तिथी पाहायची तर त्यावरची भाजी उचलावी लागे. पडद्याच्या दांड्या गवंड्यानेच बसवून दिल्या होत्या म्हणून आमची अब्रू वाचली. वास्तुशांतही लांबणीवर टाकली, कारण घरच आपलं नाही तर शांत कोणाची करायची? आल्यागेल्या माणसाची नजर त्या कोऱ्या भिंतींवरून फिरायची. तीन वर्षांनंतरही लोक विचारत, "सामान लावायचं राहिलंय वाटतं अजून?" मी हो म्हणून मोकळी होत असे. समोरच्या काकूंना मात्र खरं कारण कळलं. जाताना फाटकाशी थांबून हळूच म्हणाल्या, "शांत न केलेल्या घरात इतके दिवस राहू नये वो." मी हसले. पण त्या रात्री झोपताना मी भिंतीकडे पाठ केली नाही, हेही खरं.

आमच्यासोबत मामाजी राहायचे, म्हणजे माझे सासरे. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, अंगाने किडकिडीत, खाण्याचे शौकीन आणि जिभेला हाड नसलेले. सासूबाई आम्ही या घरात येण्याआधीच गेल्या होत्या. त्यांचा फोटो लोखंडी कपाटावर भिंतीला टेकून ठेवला होता. कोणी कपाट जोरात लावलं की फोटो तोंडावर पडायचा. मग मामाजी स्टुलावर चढायचे, धोतराच्या सोग्याने काच पुसायचे आणि तिला परत उभी करायचे. "पडली वाटते," एवढंच म्हणायचे. पण दर वेळी म्हणायचे.

सुधीरच्या या खिळ्याच्या वेडाचं मूळ मला मामाजींनीच सांगितलं. सुधीरचं सगळं लहानपण भाड्याच्या खोल्यांत गेलं. एका घरी मामाजींनी देवाचा फोटो लावायला खिळा ठोकला. घरमालक आला, सगळ्या बिऱ्हाडांसमोर त्याने तो खिळा उपटला आणि मामाजींच्या तळहातावर ठेवला. म्हणाला, स्वतःच्या बापाच्या भिंतीत ठोका. सुधीर तेव्हा बापाचं बोट धरून उभा होता. मामाजी हे सांगताना हसत होते, आणि मला मात्र हसू येईना. त्या खिळ्याचं पुढे त्यांनी काय केलं ते मी विचारलं नाही.

म्हणून सुधीरची घाई मला कळत होती. कर्ज लवकर फेडावं यात वाईट काय आहे? डोक्यावर बोजा नसला की झोप निराळीच लागते. माझं म्हणणं एवढंच होतं की वरचे जे पैसे येतील, बोनस म्हणा, पगारवाढ म्हणा, त्यातले अर्धे मुद्दलात घालू आणि अर्धे आपल्या जिवाला. सुधीरलाही पटलं. एक वर्ष आम्ही तसे वागलोही. चिखलदऱ्याला जाऊन आलो, मामाजींनी तिथल्या थंडीत भजी खाऊन पोट बिघडवून घेतलं, ऋचाने बापाच्या पाठीत पाणी ओतलं. त्या प्रवासात सुधीर मोठ्याने हसलेला मला आठवतो. मग एक दिवस तो हिशोब मांडून बसला आणि त्याच्या ध्यानात आलं की सुरुवातीच्या वर्षांत आपला हप्ता बहुतेक व्याजातच जातो, मुद्दल जागचं हलतही नाही. हिशोबाच्या माणसाला हे दिसलं की दुसरं काही दिसेनासं होतं. त्या दिवसापासून आमच्या जिवाचे अर्धे पैसे हळूहळू पातळ होत गेले आणि घरात एक नवीन शब्द राहायला आला. मग. हे संपू दे, मग सहलीला जाऊ. हे संपू दे, मग सोफा घेऊ. मग वास्तुशांत, मग फोटो.

मामाजींना फक्त रोडगे हवे होते. शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर एक कडुनिंब आहे. त्याच्याखाली गोवऱ्या पेटवायच्या, निखाऱ्यात कणकेचे रोडगे भाजायचे, वांग्याची भाजी, वरण, वरून तुपाची धार, आणि चार माणसांना बोलवायचं. ते दर महिन्याला आठवण करून द्यायचे. सुधीर म्हणायचा, "बाबा, शेवटचा हप्ता जाऊ द्या, पुऱ्या लेआउटला रोडगे खाऊ घालतो." मामाजी माझ्याकडे वळून म्हणायचे, "सूनबाई, हा घर सोडवून राह्यला का मले टांगून राह्यला?"

तो उन्हाळा आला तेव्हा ऋचा नागपूरला वसतिगृहात होती. मार्च संपता संपता कूलरवरची ताडपत्री निघाली, गवत बदललं गेलं, आणि सुधीर म्हणाला, थोडे हातपाय हलवतो. म्हणजे वसतिगृहाच्या खर्चाला हात न लावता, नोकरी सांभाळून, त्याने आणखी चार-दोन छोट्या कारखान्यांचे हिशोब घेतले. वर्षअखेरची कामं सगळीकडे तुंबलेली असतात. उन्हाळ्यात त्याचा कारखाना बारा ते चार बंद असे, म्हणून सकाळ-संध्याकाळ नोकरी, आणि त्या मधल्या वेळात मोटरसायकलवरून या शेडमधून त्या शेडमध्ये. त्या वेळी आमच्याकडे कुत्रंसुद्धा गाडीखालून बाहेर येत नाही.

विदर्भातलं ऊन ज्याने पाहिलेलं नाही त्याला ते सांगून कळत नाही. ते वरून येत नाही, चारी बाजूंनी येतं. दुपारी लेआउटमध्ये एकही आवाज नसे. डांबर मऊ पडायचं, नळ उघडला की हात भाजायचा. समोरच्या प्लॉटवर एका टिटवीने उघड्या गोट्यांवर अंडी घातली होती. तिच्या अंगावरून कोणी गेलं नाही तरी ती ओरडायची. मामाजी दारातून तिच्यावर खेकसायचे, "चूप वो! कोनाले बोलावून राह्यली?" मग एखादी वावटळ प्लॉटांवरून घराकडे सरकत यायची, फाटकाशी थबकायची आणि विरून जायची. मी शाळेच्या सुट्टीमुळे घरी होते. एरवी मी या सगळ्याकडे पाहिलंही नसतं. त्या वर्षी मी खिडकीशी उभी राहून प्रत्येक वावटळ विरेपर्यंत पाहायची.

मामाजी रोज दुपारी जेवायला घरी आलेल्या सुधीरच्या खिशात एक कांदा टाकायचे. उन्हात जाताना खिशात कांदा असला की ऊन लागत नाही, हे आमच्याकडचं जुनं शास्त्र. सुधीर कंटाळायचा, "खिशाले वास येते बाबा, लोक हसतात." मामाजी म्हणायचे, "हसू दे. रडन्यापरीस बरं."

एप्रिलच्या शेवटी एकदा तो आला तेव्हा पांढऱ्या शर्टाच्या खिशावर लाल डाग होता. म्हणाला, नाकाचा घोळणा फुटला, ऊन आहे, फुटणारच. खरंच आहे, उन्हाळ्यात घोळणा कोणाचाही फुटतो. पुढच्या आठवड्यात रुमालावर डाग दिसला. नंतर डाग दिसेनासे झाले, आणि मला कळलं की तो रुमाल स्वतःच धुऊन टाकतोय. त्याची जेवणावरची वासना उडाली होती. ताटावर बसल्या बसल्या तो बोटांनी ताटाच्या काठावर काहीतरी आकडे मोजायचा. "या दिवाळीत मोठा भरणा करतो," म्हणायचा आणि त्याचे डोळे चमकायचे. त्या चमकण्याची मला भीती वाटायला लागली होती. मी बोलले, रागावले, एकदा ताटावरून उठून गेले. तो म्हणाला, "थोडंच राहिलं आहे." थोडंच राहिलं आहे हे वाक्य इतकं वाईट ऐकू येऊ शकतं हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

मेच्या अखेरीला नवतपा लागला. वर्षातले सगळ्यात आगीचे ते नऊ दिवस. त्याच्या आदल्याच दिवशी दुपारी मी कूलरसमोर पडले होते. डोळा लागत होता तेवढ्यात आवाज आला. ठक. जरा वेळ गेला आणि परत ठक. मला आधी कळेचना की हा आवाज कसला, कारण या घरात तो कधी झालाच नव्हता. बाहेर आले तर मामाजी बैठकीच्या खोलीत स्टुलावर उभे, तोंडात एक खिळा धरलेला, आणि हातात माझ्या खलातला बत्ता. घरात हातोडी नव्हतीच. कशाला असेल?

सासूबाईंचा फोटो भिंतीवर लागला होता. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं, त्या बाईला एकदाचं पडण्यातून सोडवलं. मग मामाजी खाली उतरले, स्टूल हातभर सरकवलं, परत चढले, आणि त्याच उंचीवर, त्याच रेषेत दुसरा खिळा ठोकला.

"मामाजी, हा दुसरा कायले?"

"लागते, सूनबाई."

"कशासाठी पण?"

"तुही सासू एकटीच राहीन काय तिथं? आज ना उद्या लागतेच. तवा स्टूल कोन शोधत बसन." ते हसले. मग बत्ता पुसून माझ्या हातात दिला.

संध्याकाळी सुधीर आला आणि दारातच थांबला. उन्हाने त्याचा चेहरा तांबडा झालेला होता, तो आणखी तांबडा झाला. "बाबा, मी काय म्हटलं होतं?"

"म्हटलंतं. मीनं ऐकलंतं. जलमभर दुसऱ्याच्या भिती सांभाळल्या, आता पोराच्या भितीत एक खिळा ठोकला तर काय झालं?"

"एक नाही, दोन आहेत. आणि भिंत माझी नाही अजून."

"मंग बँकवाला येऊन खिळे मोजते काय बे?"

सुधीरने आईच्या फोटोकडे पाहिलं. तो काढायचं त्याला धाडस झालं नाही. तो तसाच आंघोळीला गेला. तो मोकळा खिळा मात्र तसाच राहिला, आणि मला तो बघवेना. दुसऱ्या दिवशी मी टेबलावरचं कॅलेंडर उचलून त्याला अडकवलं. मामाजींनी लगेच उठून ते काढलं आणि माझ्या हातात दिलं. "त्याच्यावर नोको," म्हणाले. संध्याकाळी दिवा लागला की त्या खिळ्याची सावली भिंतीवर लांब पडायची. जाता-येता आम्ही तिघंही तिकडे पाहायचं टाळत होतो. एवढ्याशा लोखंडाच्या तुकड्याने बैठकीची खोली आमच्या हातून काढून घेतली.

नवतप्याच्या मध्यावर कधीतरी सुधीर जेवून निघाला आणि मामाजींनी टाकलेला कांदा त्याने खिशातून काढून दाराच्या चौकटीत ठेवला. "आज नाही बाबा. आज एका साहेबाशी बोलायचं आहे." मामाजी कांदा हातात घेऊन फाटकापर्यंत गेले, मोटरसायकल वळली, आणि ते तिथेच उभे राहिले. आत या म्हटलं तरी येईनात. टिटवी ओरडत होती. त्या दिवशी ते तिच्यावर ओरडले नाहीत.

ऑटो आला तेव्हा ते अजून फाटकाशीच होते. मागच्या सीटवर सुधीर अर्धवट आडवा पडलेला, डोळे उघडे आणि अंगावर घामाचा थेंब नाही. त्याच्या कातडीला हात लावला तर भाजत होतं. ऑटोवाला घाबरून सांगत होता, "काकू, हे रस्त्याच्या कडेले बाभळीखाली बसलेले दिसले. काही विचारलं तर नुसतं घर-घर करून राह्यले अन् लेआउटचं नाव घेऊन राह्यले. म्हनून इकडं आनलं. पन माझं ऐका, घरात नोका घेऊ, दवाखान्यातच चला."

आम्ही त्याच ऑटोत बसलो. मामाजींनी माठातला मोठा लोटा भरून घेतला आणि वाटभर ते मुलाच्या डोक्यावर पाणी ओतत राहिले. त्यांच्या दुसऱ्या हातात तो कांदा तसाच होता. सुधीर मधेच माझ्याकडे पाहून हसला आणि स्पष्ट म्हणाला, "मुद्दल हललं." त्याने मला ओळखलं नव्हतं.

दवाखान्यात त्याला बर्फात ठेवल्यासारखंच ठेवलं. ओल्या चादरी, पंखे, सलाइन. डॉक्टरांनी सांगितलं, उष्माघात आहे, किडनीला मार बसलाय, आजची रात्र आणि उद्याचा दिवस गेला की बोलू. बाहेर बाकावर मी आणि मामाजी. माझ्या डोळ्यांसमोर सुधीर नव्हताच. माझ्या डोळ्यांसमोर ती भिंत होती, तो फोटो, आणि त्याच्याशेजारची मोकळी जागा. मला स्वतःची इतकी चीड आली की मी ओठ चावून धरला. तेवढ्यात मामाजींनी माझं मनगट पकडलं.

"सूनबाई, तो खिळा मीनं माह्यासाठी ठोकलता," ते म्हणाले. "तू होती ना तिथं? तू आयकलंतं ना? माह्यासाठी ठोकलता. त्याच्यासाठी नाही."

मला म्हणत होते, पण बघत होते वर, छताकडे. कोणापुढे तरी साक्ष काढावी तसे. मी म्हटलं, हो मामाजी, मी होते, मी ऐकलं. त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, घराची चावी दे.

मला वाटलं कपडे आणायला जात असतील. ते गेले, खूप वेळाने परतले. पिशवीत माझी साडी, सुधीरचा सदरा असं काहीबाही कोंबलं होतं. बाकावर बसले आणि अंगातल्या सदऱ्याच्या खिशातून मूठ काढून माझ्यासमोर उघडली. तळहातावर खिळा होता. अंगठ्याची सालटी निघालेली, रक्त वाळलेलं. "पक्कडीनं निंगाला," म्हणाले. "लय खोल गेलता." शिकलीसवरलेली बाई मी, वर्गात मुलांना अंधश्रद्धेवर निबंध लिहायला लावणारी. पण तो खिळा भिंतीतून बाहेर आलेला पाहून मला त्या दिवसात पहिल्यांदा पुरता श्वास घेता आला.

सुधीर वाचला. बऱ्याच दिवसांनी घरी आला, वजन अर्धं करून. दारातून आत येताना त्याने भिंतीकडे पाहिलं. आईचा फोटो होता आणि बाजूला एक भोक. त्याने काही विचारलं नाही, आम्ही काही सांगितलं नाही. डॉक्टरांनी निघताना बजावलं होतं की किडनी सावरली असली तरी पहिल्यासारखी नाही, आता दुपारचं ऊन तुम्हाला जन्मभर वर्ज्य, परत असं झालं तर मी काही सांगू शकत नाही. हे वाक्य मी रोज सकाळी दिवा लावताना मनात म्हणते. दुसरं कुठलं स्तोत्र मला आता नीट पाठ नाही.

पुढच्याच रविवारी, हप्ता बिप्ता काही न पाहता, मी कडुनिंबाखाली गोवऱ्या पेटवल्या. आभाळ भरून आलं होतं, पाऊस मात्र नव्हता. समोरच्या काकू आल्या, तो ऑटोवाला बायकोला घेऊन आला. सुधीरला खुर्चीत बसवून त्याच्यापुढे वरण आणि रोडग्याचा जरासा तुकडा ठेवला. मामाजींनी निखाऱ्यातला रोडगा हातावर झेलत झेलत फोडला, आत तूप सोडलं आणि मुलाकडे पाहून म्हणाले, "तुह्या 'मंग'मधलं एक कमी झालं पाह्य." सुधीर हसला आणि हसता हसता रडायला लागला. मामाजी खात राहिले. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही, हे फार बरं केलं.

त्यानंतर आम्ही माझ्या जुन्या अर्ध्या-अर्ध्यावर परत आलो. दुपारचे हिशोब सुटले. तरी कर्ज मुदतीच्या खूप आधी, दोन वर्षांनी संपलं, आणि मधल्या काळात आम्ही फिरलो, खाल्लं, ऋचाच्या निकालाला पेढे वाटले, मामाजींना नवा चष्मा आणि गादी केली. लवकर फेडणं आणि जगणं ही दोन्ही कामं एका घरात होऊ शकतात, मी केलेली आहेत. बँकेतून घराचे कागद आले तेव्हा वास्तुशांत झाली. मामाजी नवं धोतर नेसून पाटावर बसले आणि भटजींच्या मंत्रांत मधे मधे चुका काढत राहिले. पुढच्या हिवाळ्यात एका सकाळी अंगणातल्या कोवळ्या उन्हात पेपर वाचता वाचता ते गेले. चहा द्यायला गेले तेव्हा पेपर अजून हातात होता.

फोटो लावायची वेळ आली तेव्हा सुधीर हातोडी विकत घेऊन आला. भोक जिथे होतं तिथेच त्याने खिळा ठोकला, आयुष्यातला पहिला. दोन फोटो शेजारी-शेजारी लागले. मला वाटलं, भिंत भरली. जे लिहिलेलं होतं ते झालं आणि मधल्या मधे माझा माणूस सुटला. चार वर्षं मी त्या समजुतीवर निवांत काढली.

आता या आठवड्यात तो दुपारचा बाहेर पडायला लागला आहे. जुन्या ओळखीतले एक-दोन कारखाने आहेत, मार्चअखेर आहे, थोडंसंच काम आहे, म्हणतो. ऋचा फोनवर चिडली, "बाबा, मी भरते ना हप्ता! तुम्ही काहून उन्हात फिरता?" तो हसून म्हणाला, तुझ्यासाठी नाही गं, मला बसवत नाही. मी खिशात कांदा टाकते, तो मुकाट्याने नेतो. पाण्याची बाटली अर्धी भरलेली परत येते. काल त्याच्या उशीच्या अभ्र्यावर लालसर डाग दिसला. होळीचा रंग असेल, तो म्हणाला. आम्ही या वर्षी रंग खेळलोच नव्हतो.

आणि आज दुपारी मी कूलरसमोर पडले होते. नव्या गवताचा वास खोलीभर दाटला होता. डोळा लागत होता तेवढ्यात आवाज आला. ठक.

मी उठून बसले. क्षणभर मला खरंच वाटलं, मामाजी. परत ठक. बाहेर आले तर बैठकीच्या खोलीत सुधीर स्टुलावर उभा होता. आईच्या आणि वडिलांच्या फोटोशेजारी, हातभर अंतर सोडून, त्याच उंचीवर आणि त्याच रेषेत त्याने खिळा ठोकला होता. माझी चाहूल लागली तसा वळून लहान मुलासारखा हसला.

"कॅलेंडर लावतो इथं. ऋचाच्या हप्त्याच्या तारखा डोळ्यांसमोर राहतील. आता तर घर आपलं आहे ना, वाटेल तिथं खिळा ठोकायचा!"

त्याला खरोखर आनंद झाला होता. कसलाही संशय नसलेला तो चेहरा मी पाहिला. मग तो स्टुलावरून उतरला आणि कॅलेंडर आणायला आतल्या खोलीत गेला. दूर प्लॉटांकडून टिटवीचा आवाज आला. मी स्वयंपाकघरात गेले, सगळ्यात खालचा खण ओढला आणि तो बाहेर यायच्या आत मामाजींची पक्कड शोधू लागले.